हिंमतरावांच्या खिशातला पेन

साऱ्या आयुष्यात जेमतेम दीड पान लिहिलेल्या पेनाने आपली जीवनकथा सांगावी, हा उद्धटपणा आहे, हे मी जाणतो. पण मित्रांनो, ज्या पेनांनी पुष्कळ लिहिले ते आपापल्या मालकांची थोरवी गाण्यात गुंतले आहेत. न लिहिल्याची हकीगत सांगायला माझ्याइतके रिकामे कोणीच नाही.

माझा देह काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा. एका कारागिराने तो लेथवर कातला, निबेखालची जीभ घासून घासून बसवली आणि कागदावर एक रेघ ओढून पाहिली. रेघ मनासारखी उमटली, तेव्हा तो हसला. पुढे मलकापूरच्या स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी मखमलीच्या डबीत पडून होतो. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, पंचायत समित्या नव्याने निघाल्या होत्या, आणि ज्याच्या सदऱ्याला पेन तो शहाणा, इतकी विद्येची परीक्षा सोपी झाली होती. निबंध स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलासाठी मला विकत घेण्यात आले. पहिली आली ती मुलगी.

रुख्मिणी मोताळ्याकडच्या एका खेड्यातली, वांगी-मिरची पिकवणाऱ्या घरातली. इतर शाळांतली मुले कधी न पाहिलेल्या समुद्रावरचा सूर्यास्त पाठ करत असताना तिचे निवृत्ती मास्तर फळ्यावर लिहीत, ‘आज सकाळी जे फक्त तुम्हीच पाहिले, ते लिहा.’ रुख्मिणीने पाहिले होते ते असे. मळ्यातल्या विहिरीवर इंजिन बसले आणि बैलांनी पाणी ओढायची मोट बंद झाली. दुसऱ्या सकाळी खैऱ्या नावाचा त्यांचा बैल आपण होऊन मोटेच्या धावेवर, विहिरीपासून उतरणाऱ्या वाटेवर गेला. मानेवर जू नाही, मागे नाडा नाही. तरी तो उतारावरून खाली गेला आणि उलट्या पावलांनी वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. निबंधाचे शेवटचे वाक्य होते, ‘मी त्याला हाक मारली नाही.’

मास्तरांनी तो निबंध स्पर्धेला पाठवला आणि माझी डबी रुख्मिणीच्या हाती आली. तिने मला उघडले, निब अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. त्या क्षणी मला वाटले, आपले नशीब उघडले. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिच्या वडिलांच्या, हिंमतरावांच्या खिशात गेलो.

हिंमतराव दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाविरुद्ध निदान तक्रार तरी करता येते. ते पंचायत समितीवर नुकतेच निवडून आले होते आणि मुलीचा त्यांना मनापासून अभिमान होता. बैठकीला, बाजाराला, बारशाला मी त्यांच्या छातीवर असे. कोणी पाहुणा आला की ते मला दोन बोटांनी वर उचलत. “माह्या पोरीनं कमावला हाये हा. ये व रुख्मे, म्हणून दाखव!”

आणि रुख्मिणी हातातली भाकर परातीत ठेवून खैऱ्याचा निबंध म्हणून दाखवी. शेवटच्या वाक्यावर टाळ्या पडत.

“वा! हिंमतरावभाऊ, पोरगा असता तं वकील झाला असता,” पाहुणे म्हणत. यालाही कौतुक समजण्याची तेव्हा पद्धत होती.

तिची आई झुंबरबाई चुलीपुढून ऐकत असे. तिला अक्षर येत नव्हते. एकदा टाळ्या संपल्यावर तिने विचारले, “मंग त्या खैऱ्याचं पुढं काय झालं व?”

“पुढं काय होते? तेथंच संपते ते,” हिंमतराव म्हणाले. “चहा ठेव.”

मित्रांनो, त्या घरात रुख्मिणीला लिहिते करणारा तो एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो चहाखाली बुडाला.

काही दिवसांनी रुख्मिणी वडिलांसमोर येऊन उभी राहिली. “बाबा, मले पेन द्या न. नवीन लिहाचं हाये.”

“काऊन व? दौत-टाक हाये न तुह्याजवळ. हा खराब झाला तं? अन् नवीन कायले? जुनं एवढं चांगलं हाये!”

त्याच आठवड्यात तिचा चुलतभाऊ माणिकराव मला मागायला आला. नवरदेवाच्या खिशाला पेन हवा होता.

“शाई नको घालू बे. सदरा खराब होईन.”

“शाई कायले पाह्यजे, काका? फोटोत दिसला म्हंजे झालं.”

त्या लग्नसराईत मी अनेक नवरदेवांच्या हृदयाशी राहिलो. त्यांतल्या काहींना सही येत होती.

वर्ष फिरले. या वेळी स्पर्धा मलकापूरला, मुलांना समोर बसवून व्हायची होती. निवृत्ती मास्तर घरी आले आणि म्हणाले, “हिंमतराव, निदान आज तरी तिले यात शाई भरू द्या.” हिंमतरावांनी मला खिशातून असे काढले, जणू दागिना मोडायला निघाले आहेत.

मी प्रथमच पोटभर शाई प्यालो. फळ्यावर विषय होता, ‘आमच्या घरी आलेली नवी वस्तू’. रुख्मिणीने लिहिले, ‘आमच्या मळ्यात इंजिन आले.’ मी वाहू लागलो. किती दिवसांनी, आणि कसा! धाव आली, उतार आला, उलटी पावले आली. तिचा हात कुठेही अडखळत नव्हता. अडखळत नाही याचाच मला आनंद होत होता, हे माझे अज्ञान. ‘मी त्याला हाक मारली नाही,’ येथे ती थांबली आणि तिने वर वाचले. शब्द न् शब्द तोच होता.

तिने खाली रिकामी ओळ धरली. आईचा प्रश्न तिच्या ओठांवर आला, मला तो ऐकू आला. त्या सकाळी पुढे काय झाले, ते तिने पाहिले होते. ती तेथेच तर उभी होती! पण वर्षभर त्या एका वाक्यावर टाळ्या पडत गेल्या होत्या, आणि पलीकडची सारी सकाळ त्यांखाली चेपली गेली होती. माझी निब कागदावर टेकलेली राहिली. तेथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग घंटा झाली.

परीक्षक नवे होते. त्यांनी त्या निबंधाला पहिले बक्षीस दिले.

बक्षीस म्हणून पुन्हा पेनच मिळाला. हिंमतरावांच्या खिशाला आता दोन पेन झाले आणि गावातले लोक त्यांना गमतीने हेडमास्तर म्हणू लागले. निवृत्ती मास्तरांना मात्र कळले होते. ते रुख्मिणीला बाजूला घेऊन म्हणाले, “नवीन लिही, बाई. कोणाले नाही दाखवणार मी. टाळ्या मीही वाजवल्या, आता नाही वाजवणार.”

“काही दिसतच नाही, मास्तर,” ती म्हणाली.

तिच्या लग्नात मी नवरदेवाच्या खिशात होतो, हे सांगायला नकोच. निघताना झुंबरबाईने लेकीचा पदर सारखा केला आणि हळूच विचारले, “रुख्मे, त्या खैऱ्याचं मंग काय झालं व?”

रुख्मिणीने विहिरीकडे पाहिले. धाव बुजवून तेथे मिरची लावली होती. “ध्यानात नाही राह्यलं व आई,” ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. लोकांना वाटले, माहेर सुटते म्हणून.

मित्रांनो, आज मी एका पेटीत आहे. माझी निब अजून सोन्यासारखी चकाकते, कारण ती झिजलीच नाही. कोणी माझी पूजा करू नये, मला जपू नये. तुमच्या घरात एखादे मूल काही लिहीत असेल, तर त्याच्या हाती असा पेन द्या ज्याचे डाग सदऱ्यावर पडले तरी चालतील. त्याने लिहिलेले वाचून झाले, की हात टाळीसाठी उठतीलच. ते क्षणभर मांडीवर ठेवा. आधी झुंबरबाईचा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत चहा मागू नका.