निळ्याचा यजमान

पंचशीलाने नांदेडच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे खपून घडवलेला निळा दिवा आजही पापणी लवावी तसा उजळला आणि काळवंडला.

"उजेड देणारा पाहुणा रेणू बदल," मार्गदर्शक नरसिंग सर म्हणाले.

"किती पाहुणे बदलू, सर? त्याला पोटात घेणारा यजमान रेणूच कमी ऊर्जेचा हाय. निळ्याची ऊर्जा उलटी त्याच्यातच झिरपून राहिलीय. मी नवा यजमान बनवलाय, एकदा लावू तर द्या!"

"या यजमानावर माझी पीएच.डी. झाली, पोरी."

"अन् माझी बुडून राहिली!" तिचा संयम सुटला. "हिरव्या दिव्याला तो चालला, निळ्याला पुरत न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय ना, सर?"

सरांनी दिव्याची विझलेली काच खिडकीशी धरून पाहिली, हलकेच खाली ठेवली, नव्या यजमानाची कुपी तिच्यापुढे सरकवली आणि ते जिना उतरून गेले.