समोरच्या ओट्याची मापं

ढगाळ राखाडी. रंगाच्या डब्यावर हेच नाव होतं.

स्टूल इतकं उंच की बसणाऱ्याचे पाय लोंबकळतात.

"आई, काकूच्या कपाटाचं दार आपटतच नाही. सोडून दिलं की आपोआप मिटतं. पेंग आल्यासारखं."

मोजपट्टी घेतलेले एक गृहस्थ समोरच्या घरात शिरले, चहा नको म्हणाले, भिंतींकडे बघत मान हलवून निघून गेले.

वर्तमानपत्राच्या पानाला पेन्सिलीने पाडलेली दोन भोकं.

बबडीची गृहपाठाची वही कुठाय? समोर.

*

समोर म्हणजे जिन्याच्या पलीकडे. दोन भावांची दोन घरं, दारासमोर दार. इकडे थोरली, तिकडे धाकटी. दोन्ही स्वयंपाकघरं एकाच सुताराने केलेली: तीच तपकिरी दारं, त्याच गोल लाकडी मुठी, तोच काळपट ओटा. सगळं सारखं होतं तोवर थोरलीला धाकटी आवडायची. म्हणजे, खटकायची नाही.

मग धाकटीने सगळं उपटून नवं केलं.

आणि थोरलीची बबडी शाळेतून आली की दप्तर इकडे टाकून तिकडे पळायला लागली. आधी चित्रं काढायला, मग गृहपाठाला, मग नुसतीच. थोरली आपलं दार किलकिलं ठेवून ऐकायची. तिकडे हसणं. इकडे ठिबकणारा नळ.

"आपल्याकडे बस की गं."

"आपल्याकडे अंधार वाटतो."

लख्ख दुपार होती.

*

"अहो, आपणही ओटा करून घेऊ या."

"आत्ताच गीझर घेतला ना?"

"गीझरवर बसून गृहपाठ करणार आहे का ती?"

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "रंग मार. रंगाने खूप फरक पडतो." ज्याने जन्मात ब्रश धरला नाही, अशा माणसाच्या खात्रीने तो बोलला.

*

तर रंग. आणि हँडलं. धाकटीच्या हँडलांसारखीच, चपटी, काळी. दुकानदाराने जरा हलकी दाखवली, तिने तीच घेतली. ओट्यावर चिकटवायचा कागद. जास्त काही जमण्यासारखं नव्हतं.

पण जे करायचं ते तंतोतंत. धाकटीच्या घराची किल्ली थोरलीकडे असायचीच. धाकटी ऑफिसला गेली की ती समोर जायची आणि त्या राखाडी दारांवर वर्तमानपत्राचं पान ताणून धरायची. कडेने बोट दाबून घडी, हँडलाच्या स्क्रूच्या जागी पेन्सिल. प्रत्येक पानावर लिहायचं: सिंकखालचं. डब्यांचं. कोपऱ्यातलं. एकदा दार उघडून हात सोडला. ते खरंच पेंगत मिटलं. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा सोडलं. मग रागाने ढकललं, तरी ते हळूच मिटलं. मेलं कपाटसुद्धा तिच्यासारखंच, गोड.

आपल्या घरी तिने सगळी दारं काढून जमिनीवर मांडली. मुठी उपटल्या, त्यांची भोकं पुट्टीने बुजवली, पॉलिश पेपरने घासली, रंगाचे हात दिले. जुनं काही म्हणून दिसायला नको. मग त्या गुळगुळीत दारांवर एकेक पान अंथरलं आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या मशीनने भोकं पाडली.

नवऱ्याने दारं पुन्हा बसवून दिली. शेवटचा स्क्रू पिळून त्याने ऐटीत हँडल ओढलं. दार कण्हलं. उघडलं नाही.

"अगं," तो म्हणाला, "हँडल बिजागरीच्या बाजूला कसं?"

दुसरं. तिसरं. सगळीच.

समोरचं घर हे या घराचं आरशातलं रूप होतं. तिकडे जे डावीकडे ते इकडे उजवीकडे. थोरलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिकडे दिव्याचं बटण शोधताना तिचा हात नेहमी चुकीच्या भिंतीवर जायचा. पण मापं घेताना तिला दारं दिसतच नव्हती. धाकटीच्या स्टुलावरून लोंबकळणारे बबडीचे दोन पाय दिसत होते.

"चोराला काही सापडायचं नाही, एवढं नक्की," नवरा म्हणाला आणि हसू दाबत बाहेर सटकला.

*

तेवढ्यात बबडी आली. पाठोपाठ धाकटी.

"जाऊबाई, काय सुरेख रंग—"

धाकटी थांबली. सिंकखालच्या दाराशी वाकली. हँडलावर बोट ठेवून शेजारच्या हँडलाकडे पाहिलं.

"माझ्याकडे हे हँडल जरासं खाली लागलंय. सुतार चुकला होता."

थोरली खाली पडलेले स्क्रू वेचायला लागली.

"तुमच्याकडेही खालीच आहे."

आता बोलेल, थोरलीला वाटलं. बोल. टोमणा मार. टोमणा मारलास तर तुला कायमचं नावडती करायला मी मोकळी.

"कधी घेतलीत मापं?"

"तू ऑफिसात होतीस तेव्हा."

"एकटीने? मला सांगायचं, मी टोक धरलं असतं की."

हे टोमण्याहून वाईट होतं.

धाकटीने पदर खोचला, स्क्रूड्रायव्हर उचलला. "बिजागऱ्या पलीकडच्या बाजूला नेऊ या. दारं उलटी उघडतील, पण उघडतील. धरा."

थोरलीने दार धरलं. दुसरं काय करणार? दोघी घामाघूम झाल्या. जुन्या बिजागऱ्यांचे व्रण नव्या रंगातून तसेच डोकावत राहिले. कोपऱ्यातलं दार फ्रिजला धडकून अर्धंच उघडायचं. आणि सगळी आपटायची. जोरात.

बबडीने एकेक उघडून पाहिलं.

"आई! आता काकूकडच्यासारखंच उघडतं सगळं. मला इथे काही शोधावं लागणार नाही."

ती पळत जाऊन वही घेऊन आली. समोरून इकडे. उपड्या पिंपावर बसून लिहायला लागली.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी बबडीकडे बघत होती, आणि जरा जास्तच वेळ बघत होती. बरं झालं, थोरलीला वाटलं. आता कळेल.

"मी निघते," धाकटी म्हणाली.

"बस की," थोरली म्हणाली, समोरची बसणार नाही अशा आवाजात.

दार लागलं. बबडीने मान वर केली.

"आई, काकू ते स्टूल मला देणार आहे. कायमचं."

"का? नकोसं झालं वाटतं तिला?" थोरलीने ओट्याच्या कागदातला एक फुगा अंगठ्याने दाबला. तो शेजारी उगवला. "आपल्याला कुणाची उतरलेली वस्तू नको. सांग तिला."

"पण आई—"

"लिही तू."

*

धाकटीच्या नवऱ्याची दूरच्या शहरात बदली ठरली होती, आणि जुनं स्वयंपाकघर बघून गिऱ्हाईक परत जातं असं घरांच्या दलालाने सांगितलं, म्हणून तिने ते नवं करून घेतलं होतं.