कातळाचं नाव

आमच्या करी रोडच्या चाळीमागे चार माणसं उंच असा एक काळा सुळका उभा आहे. आम्ही त्याला दगडच म्हणायचो. मग चाळीतच वाढलेली आणि आता कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी संघमित्रा म्हणाली, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा. भोवतालचं मऊ होतं ते झिजून गेलं, हा कडक म्हणून उरला. बिल्डर यायच्या आत फलक लावू. नुसता दगड कुणीही फोडतं, नाव असलेला फोडताना जरा विचार करतात."

झालं! चाळीत एकाएकी थोर वडील उगवले. ज्यांनी हयातीत त्या दगडावर लुंगी वाळत घालण्यापलीकडे काही केलं नाही, त्यांचीही नावं सभेत आली. भांडणं नकोत म्हणून सेक्रेटरी हितेंद्रने नियम काढला: ज्याच्या त्याच्या घरच्याने उभं राहून तोंडाने नाव सुचवायचं.

शेवटी शांताकाकू उठल्या. खरा हक्क त्यांच्याच नवऱ्याचा. पूर्वी सुळका फोडायला सुरुंगवाले आले होते तेव्हा तो माणूस दगडावर गादी टाकून झोपला आणि ते परत जाईपर्यंत वरून शिव्या घालत राहिला. काकूंना मूलबाळ नाही. नवऱ्याचं नाव कुठेतरी राहावं, एवढंच काकूंना हवं होतं आणि ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

"आमच्या ह्यांचा नाव द्या," काकू म्हणाल्या.

"नाव बोला ना काकू."

"तेंचा नाव मी कसा घेव?"

"मग बाद. नियम म्हणजे नियम," हितेंद्र म्हणाला. नियमांचा एवढा पुळका त्याला जिन्यासमोर बाइक लावताना येत नाही.

काकूंचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारची मेघना ओरडली, "काकू, उखाण्यात घ्या!"

विधवेला कुणी उखाणा घ्यायला सांगत नाही. मला तर मेघनाचा रागच आला. काकूंनी मात्र पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"लाव्हा निवला, झाला काळा कातळ,
रघुनाथरावांचं डोकं मेल्यावरच झालं शीतळ!"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. अनुमोदनाला अख्खी चाळ उभी राहिली. हितेंद्रने मुकाट्याने 'रघुनाथ कातळ' लिहून घेतलं आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.

काकू बसेचनात. डोळे पुसत, नव्या नवरीसारख्या लाजत म्हणाल्या, "आणखी एक घेव?"

"काकू, दगड एकच आहे!" हितेंद्र म्हणाला.

"आसांदे रे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा सुरू केला.