जेलागात माझ्या मागे धावली

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सांगतोच. ही कोपऱ्यात बसून चहा फुंकत्येय ना, जेलागात, समुद्रापलीकडच्या त्या गारठलेल्या शहरात अख्खी मॅरेथॉन धावून पदक घेऊन आली ती, ही आपल्या इटेनच्या रस्त्यावर माझ्या मागे धावली आहे. एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. आणि एकदाही तिला माझ्या पुढे जाता आलं नाही. मी, अराप तुवेइ! वय विचारू नका, गुडघ्यांचं तर नावच काढू नका. वर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दुधाचा कॅन.

"चेसांग, कुगोंच्या चहात काय घातलंस गं आज?" मोटारसायकलवाला किबोर ओरडला. सगळं गाव मला कुगो म्हणतं. सगळ्यांचाच आजोबा झालोय आता.

"चहात दूधच आहे," दुकानवाली चेसांग म्हणाली. "डोक्यात काय आहे ते त्यांनाच विचार."

"मला कशाला? तिलाच विचारा की. समोर बसलीय."

साऱ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. जेलागातनं कप खाली ठेवला. "खरं आहे," ती म्हणाली. "कुगोंच्या मागेच होते मी."

झालं! किबोरचं तोंड उघडंच राहिलं, आणि मी माझं उघडलं.

ती पदक घेऊन आली तेव्हा भोपळ्यात आंबवलेलं दूध, आपलं मुरसिक, आधी कुणी पाजायचं यावरून तिच्या दोन मावश्या भांडल्या, ते तुम्ही पाहिलंच आहे. असं आंबट, असं दाट मुरसिक की पिणाऱ्याला मिशा फुटाव्यात. मग आपल्या रीतीप्रमाणे तिनं बूट खुंटीला टांगले. मोठी शर्यत झाली की धावणाऱ्यानं झोपायचं, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली हाणायची आणि गाईंकडे बघत बसायचं. पोट सुटलं तर कुणी हसत नाही. उलट नाही सुटलं तर म्हणतात, नीट आराम केला नाही वाटतं! जेलागातनं आराम असा केला की गोठ्यातली गाय तिला बघून हंबरायची, आपल्यातलीच कुणी आली म्हणून.

"कुगो!" चेसांग म्हणाली.

"हंबरायची," जेलागात म्हणाली. "मलाही बरं वाटायचं."

मग बूट खाली काढायची वेळ आली. कोच सांबुनं तिची डावी पोटरी दाबून पाहिली. आत अजून गाठ होती. "धाव," तो म्हणाला, "पण वेग विसर. ही पोटरी आत्ता फाटली तर नैरोबीची निवडीची शर्यत गेली म्हणून समज. देशाचा संघ विमानात बसेल आणि तू घरी पाय शेकत बसशील."

पोरगी हो म्हणाली. पण हळू धावायचं म्हणजे काय, हे तिला जन्मात कुणी शिकवलेलं नव्हतं. गिरणीच्या वळणापर्यंत हळू जायची आणि वळण संपलं की सुटली! संध्याकाळी लंगडत घरी. दोनदा असं झालं. तिची आई चुलीपुढे बसून गुपचूप डोळे पुसायची.

मग सांबु तिला कुणाच्या तरी मागे धावायला लावायचं म्हणून हळू माणूस शोधायला लागला. आता इटेनमध्ये हळू माणूस कुठून आणायचा? इथे शाळेला उशीर झालेली पोरं धावतात, पोरांना मारायला मास्तर धावतो, आणि मास्तराची तक्रार घेऊन आया धावतात. सांबु हताश होऊन रस्त्याकडेला उभा होता, तेवढ्यात मी दिसलो. डेअरीला दूध घालायला निघालो होतो. म्हणजे निघून बराच वेळ झाला होता, पण कुंपणापर्यंतच पोचलो होतो.

सांबुच्या डोळ्यांत पाणी आलं. "अराप तुवेइ," तो म्हणाला, "देवानंच पाठवलं तुम्हाला." आणि जेलागातला त्यानं तिच्या आईची शपथ घातली, कुगोंच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हळू तर कुणीही चालेल. चालून दाखवा! थांबणं सोपं, चालणं सोपं. मी त्या दोहोंच्या मधलं काढलं होतं. पहिल्याच सकाळी रंग बदलणारा एक सरडा आम्हाला ओलांडून गेला. तो कसा चालतो ठाऊक आहे ना? एक पाय उचलायचा आणि टाकू की नको असा विचार करत बसायचं. तो पुढे गेला, त्यानं एक डोळा मागे फिरवून आमच्याकडे पाहिलं आणि आमच्या वतीनं लाजून लाल झाला.

"हे मात्र अति झालं," किबोर म्हणाला. "जेलागात?"

"लालच होता," जेलागात म्हणाली.

दूध घरून निघताना ताजं असायचं, डेअरीत पोचेपर्यंत त्याचं मुरसिक व्हायचं. डेअरीवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

"पण चव चांगली असायची," जेलागातनं चेसांगला सांगितलं.

मजा बाजूला ठेवू. मागे तिची काय उलघाल चालली होती, ते मला ऐकू यायचं. आधी तिची पावलं एक जड, एक हलकं अशी पडायची. "कुगो, जरा चला ना," ती म्हणायची. मी म्हणायचो, "चालतोच आहे." लाल धूळ आमच्यावर बसायची, कड्याखालच्या दरीतलं धुकं वर येऊन विरून जायचं, आणि ती माझी पाठ बघत दात आवळून धावत राहायची. मग हळूहळू दोन्ही पावलांचा आवाज सारखा यायला लागला. मी कुणाला बोललो नाही. मनात मात्र उतू जात होतो.

आणि मग ती सकाळ आली. खालच्या कॅम्पच्या पोरी, नैरोबीला तिच्याविरुद्ध उतरणार होत्या त्याच, मागून घोळक्यानं धडधडत आल्या. आम्हाला ओलांडताना एक म्हणाली, "काय गं जेलागात, पदक दूध घालण्याबद्दल मिळालं का?" दुसरी खिदळली, "अगं, एका शर्यतीत संपली ती! आता म्हाताऱ्याच्या काठीला धरून चालते."

माझ्या मागचा श्वास बदलला. मला कळलं, आता ही उधळणार. पोटरीतली गाठ अजून पुरती सुटली नव्हती. चार ढांगांत पोटरी फाटली असती, आणि नैरोबी गेलं असतं.

अशा वेळी मी काय केलं? काहीही नाही! ऐका, हेच खरं कसब. मी आणखी हळू झालो. डोंगरासारखा शांत. मागे न बघता म्हटलं, "पोरी, जाऊ दे त्यांना. आज त्यांची पाठ तू बघ, नैरोबीत तुझी त्या बघतील." माझा तो थंडपणा तिच्या अंगात उतरला. तिचा श्वास बसला. ती जिथे होती तिथेच राहिली, माझ्या मागे.

आणि परवा नैरोबीत काय झालं? खालच्या कॅम्पच्या साऱ्या पोरींनी हिची पाठ बघितली की नाही? देशाच्या संघात हिचं नाव पहिलं लागलं की नाही? म्हणून म्हणतो, धावली ती, पण डोकं शांत ठेवलं ते या अराप तुवेइनं. माझ्यासारखा रागावर ताबा असलेला माणूस त्या रस्त्यावर नसता तर—

"थांबा, थांबा कुगो!" जेलागात कप आपटून उठलीच. "इतका वेळ सगळ्याला मान डोलावली, पण ही मात्र शुद्ध लोणकढी थाप! तुम्ही आणि शांत? ती पोरगी 'संपली' म्हणाली मात्र, तुम्ही कॅन रस्त्यात टाकलात, काठी उगारलीत आणि 'माझ्या जेलागातला संपली म्हणता काय गं!' म्हणून बोंबलत त्यांच्यामागे सुसाट सुटलात! मला पुढे होऊन अडवताही येईना, आईची शपथ होती. शेवटी मागून तुमचा स्वेटर धरला आणि पाय रोवून उभी राहिले, म्हणून थांबलात!"