गोळीबारात जन्मलेली चौतीस मुलं

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बालवाडी काढायचं ठरून आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत एकच गोष्ट पक्की झाली होती, ती म्हणजे समितीचे अध्यक्ष नाना सावंत. नाना मिलच्या साचेखात्यातून, म्हणजे मागांवरून, निवृत्त झालेले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन जाऊन त्यांना सभेची चटक लागली होती. बालवाडीची घंटा केवढी, पाटी कोणत्या रंगाची, उद्घाटनाला कोण, सगळ्यावर चर्चा झाली. मुलांवर झाली नव्हती.

मी कौसल्या, फायनल म्हणजे सातवी पास, समितीतली एकटी बाई. म्हणून चहा माझ्याकडे आणि लिहिणंही माझ्याकडेच.

मला घाई होती ती शेजारच्या कांतासाठी. कांता मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला, नवरा गेलेला. मिलच्या पाळणाघरात मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच ठेवत, त्यामुळे तिची राधी आता दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. पोरगी आजारी पडली की कांताचा खाडा. आणखी एक खाडा झाला तर हजेरीपटावरून नाव काढीन, असं मुकादमानं तिला बजावलं होतं. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटायची.

सरकारी अनुदानाला अट होती. तीन ते सहा वयाची निदान तीस मुलं हवीत आणि त्यांची जन्मतारखेसह यादी हवी. मी वही घेऊन दारोदार फिरले. आमच्याकडे बाळंतपणं गावाला, माहेरी होतात. तारीख कोण लक्षात ठेवतो? कोणी म्हणे शिमग्याच्या आसपास, कोणी म्हणे भाताची लावणी चालली होती. सरकारी कागदावर शिमगा शोभत नाही, असं नानांचं मत पडलं. तेवढ्यात सोनूबाईनं सांगितलं, माझा जगन छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर गोळीबार झाला तेव्हाचा. झालं. दुसऱ्या दिवसापासून चाळीतलं प्रत्येक पोर गोळीबारात जन्मू लागलं. आपलंच पोर मागे का राहावं?

"तारीख एकच टाक कौसल्ये," नाना म्हणाले. "चाळीचं नाव होईल."

मीही अक्कल गहाण टाकली आणि चौतीस नावांपुढे एकोणीस जानेवारी छप्पन लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

एकोणसाठच्या मे महिन्यात अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याच्या कालिंदी कर्णिकबाई पाहणीला आल्या. मुलं गॅलरीत ओळीनं बसवली होती. बाईंनी यादी वाचली, पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"या चाळीत एका दिवसात चौतीस बाळंतपणं झाली?"

"बाई, दिवसच तसे होते," नाना म्हणाले.

"यातली तीन मुलं सोनूबाईंची आहेत. तिळी का?"

"नाय ओ," सोनूबाई मोकळेपणानं म्हणाली. "एकामागून एक झाली."

त्यातला थोरला हसला. त्याचे पुढचे दोन दात पडले होते. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"अशी यादी मी पुढे पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला आणि एकेका आईला बोलावलं. "शिमगा चालेल, लावणी चालेल. हिशेब मी करते." दोन तास हे चाललं. एकतीस मुलं बसली. बाकीची एक तर दुपट्यातली निघाली, नाही तर शाळेत जाण्याजोगी. नाना दर नावाला मान डोलावत होते, जणू त्यांनीच हे सुचवलं होतं.

एवढ्यात पाळी सुटून कांता आली. केसांत कापूस तसाच होता.

"गोळीबाराच्या वेळी मी रस्त्यावर होते बाई," ती म्हणाली. "राधी पोटात होती, दोन महिन्यांची. आता तुम्हीच मोजा."

बाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे ऑगस्ट छप्पन. दोन वर्षं नऊ महिने. तीन पूर्ण हवीत हो."

चाळीतल्या सगळ्या आयांत गोळीबाराच्या दिवशी खरोखर बाहेर पडलेली कांता एकटी, आणि तिचीच पोर यादीबाहेर.

"पण अनुदान मंजूर व्हायला चार महिने तरी लागतात," बाई सावकाश म्हणाल्या. "तोवर ती तीनची होईल. नाव घालते."

नानांनी टाळ्या वाजवल्या. सरकारच्या दिरंगाईचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक केलं.

"आणि चार महिने तिला कोण बघणार?" कांतानं विचारलं.

आठ महिने आम्ही घंटा आणि पाटी ठरवत होतो. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"उद्या भोंग्याच्या आधी राधीला माझ्याकडे आण," मी म्हटलं. "आणखी कोणाला आणायचं असेल त्यांनीही आणा. बालवाडी उद्यापासून सुरू."

"मंजुरीशिवाय?" नाना दचकले.

"मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर पोरांना गोष्टी तुम्ही सांगायच्या."

कर्णिकबाईंनी कागद पिशवीत घातले. "मी यातलं काही ऐकलेलं नाही," म्हणाल्या, आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी उजाडता अकरा पोरं आली. कांतानं राधीला माझ्या कडेवर दिलं तसं पोरीनं भोकाड पसरलं. कांता जिन्यात थबकली. भोंगा वाजत होता.

"जा," मी म्हटलं.

ती गेली, वेळेवर गेली. मग मलाच रडू फुटलं. तेव्हा नाना उठून उभे राहिले, सभेत करतात तसा त्यांनी हात वर केला आणि आम्हा दोघींना शांत राहण्याची नम्र विनंती केली.