राजाच्या ओठावरचा फोड

गुणवंतरावांचा मत्सर पोटात राहत नसे; तो थेट ओठावर उगवायचा. दुसऱ्या नटाला टाळी पडली की सकाळी खालच्या ओठावर मोहफुलाएवढा फोड. शेजारच्या गावचं नाटक कसं रंगलं हे लोक त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखत.

झाडीपट्टीच्या नाटकात राजा म्हणजे गुणवंतराव, हे ठरलेलं. पण यंदा कंपनीत रोशन आला. त्या पोरानं चिमूरकडे अशी तान घेतली म्हणतात, की शंकरपटातले बैल धावायचे थांबून मान वळवून ऐकत राहिले. रातोरात गुणवंतरावांना फोड. फुटक्या ओठानं गाता येईना, म्हणून मालक मुन्नाभाईंनी पुढचा खेळ रोशनला दिला. त्याला गर्दी उसळली, म्हणून जुन्या फोडाशेजारी नवा. आता मूल गावचा मोठा खेळ तोंडावर आलेला. तो हातचा गेला, की मुकुट कायमचा गेला.

त्यांच्या पत्नी रंभाबाईंनी त्यांना दवाखान्यात ओढत नेलं.

"हा विषाणू लहानपणीच शिरला असेल," डॉक्टर कहकशाँ म्हणाल्या. "फोड जातो, तो जात नाही. नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, जिवाची तगमग, कशानंही ताण आला की तिथल्या पेशी धोक्याची हाक देतात. ती त्यालाही ऐकू जाते. रानात वणवा लागला की बिळातला साप काय करतो?"

"बाहेर येते जी," गुणवंतराव म्हणाले.

"तसंच. मलम देते. वणवा कशाचा, ते तुम्ही बघा."

"उन्हाचाच असन."

"रोशनचा," रंभाबाई म्हणाल्या. "जा अन् त्याच्या तालमीत टाळ्या वाजवून या. मंग विझन."

टाळ्या वाजवण्याच्या नुसत्या विचारानंच ओठ हुळहुळला, पण गुणवंतराव गेले. रोशन कोपऱ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसलेला.

"काऊन रे, थंडी वाजून राह्यली का?"

रोशननं दुपट्टा खाली केला. ओठावर हा एवढा फोड.

"काकाजी, तुमची लांब तान मले जमत नाई. लोक टाळ्या पिटते, पण मले मालूम हाय ना. रातभर तळमळतो."

गुणवंतरावांच्या जिवाला असा गारवा मिळाला, की घरी पोचेपर्यंत त्यांची सूज उतरली.

मूलचा खेळ त्यांनीच केला. मुकुट डोक्यावर, ओठ कोरा. लांब तान घेतली आणि मंडप उठून उभा राहिला. सगळ्यांत पुढे रोशन, फुटक्या ओठानं हसत, हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होता. अगदी मनापासून.

इतकं मोकळं मन या पोराला कुठून मिळालं? आपल्याला का नाही मिळालं ते?

राजाचा खालचा ओठ हळूच हुळहुळला.