काळ्या रोगणाखालच्या भेगा

चाकणच्या कांदाबाजाराच्या कडेला, भर दुपारच्या उन्हात, ट्रकच्या उघड्या बॉनेटवर काळी घोंगडी ओढून गजाबा तिच्या आत शिरायचा. आणि लोकरीच्या त्या ओढूनताणून आणलेल्या अंधारात त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर निळसर ठिणग्यांचं क्षीण चांदणं थरथरताना मी, त्याचा मिस्तरी, शेजारी वाकून कितीदा तरी पाहिलं आहे.

ट्रक दुसऱ्या महायुद्धातून उरलेला, लष्करानं विकून टाकलेला, पेट्रोलवर चालणारा. त्याच्या प्लगच्या वायरींवर गजाबाची सतत नजर. विजेचा प्रचंड दाब करंगळीएवढ्या रबरी वायरीतून प्लगपर्यंत पोचतो, तिथे ठिणगी पडते, पेट्रोल पेट घेतं. पण उष्णतेनं नि तेलानं रबर तडकलं की वीज वाट सोडून भेगेतून जवळच्या लोखंडावर उडी घेते, आणि इंजिन अडखळू लागतं. दवाच्या ओलीत तर अधिकच. उजेडात ही गळती दिसत नाही, म्हणून घोंगडी. वायर वाकवल्यावर भेगा दिसल्या, अंधारात निळं चमकलं, की वायरी बदलायच्या. हे त्याला मीच शिकवलं होतं.

"लग्नात माझं तोंड न्हाई इतका येळ पाह्यलं," त्याची बायको, ठकूवहिनी, डोक्यावरची पाटी सावरत म्हणायच्या, "तेवढं त्या लोखंडाचं बघता!"

घोंगडीतून आवाज यायचा, "तू कुठं अडखळतीस, ठके? तुझं काय बघायचं?"

वहिनींचं हसू कांद्याच्या वाळल्या सालींसारखं हलकं, वाऱ्यावर लांब जाणारं.

त्या नवरात्रात घोंगडीखालचं चांदणं दाट झालं. "मिस्तरी, खंडेनवमीच्या आत नव्या वायरी घाला बरं," गजाबा म्हणाला. पुण्याला जाऊन त्या आणणं मी आज-उद्यावर ढकलत राहिलो. खंडेनवमी उजाडली, धुवायच्या गाड्यांची रांग लागली, आणि मी जुन्याच वायरी रॉकेलनं पुसून त्यांवर काळं रोगण फिरवलं. लखलखीत दिसल्या. "घातल्या नव्या," मी म्हणालो. गजाबानं त्यांवर हळदकुंकू वाहिलं. पूजेला बसलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे घोंगडी घडीतच राहिली, आणि मी त्या रिवाजाच्या आडोशाला निर्धास्त.

दसऱ्याच्या सकाळी, दवानं जड झालेल्या वाफ्यात झेंडू तोडताना वहिनींना नाग डसला. रिवाज बाजूला सारून गजाबानं ट्रक काढला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पुण्याचं इस्पितळ वेळेत गाठलं तरच आशा होती. इंद्रायणी मागे पडली, मोशीचा चढ लागला, आणि इंजिन बोलता बोलता शब्द हरवलेल्या माणसासारखं अडखळलं, ठसकलं, थांबलं.

"नव्या वायरी हायेत, तरी आसं कसं, मिस्तरी?"

मी उतरून ओल्या वायरी फडक्यानं पुसत राहिलो. रोगणाचे पोपडे सुटून बोटांना चिकटत होते. इंजिन पुन्हा बोलू लागलं, तेव्हा वहिनींना मारलेल्या गजाबाच्या हाका केबिनमधून ऐकू येणं बंद झालं होतं. मी आत पाहिलं. तो वहिनींच्या पायावर पदर सारखा करत होता, त्यांना थंडी वाजेल अशा काळजीनं.

पुढे त्यानं ट्रक विकला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. उन्हं उतरत, आणि त्याचा आवाजही. "पूजेच्या भ्यानं एक डाव बघितलं न्हाई, मिस्तरी. माझीच चूक." मी होकारार्थी मान हलवायचो. वायरींचं पाप एका सकाळचं होतं. मान हलवण्याचं पाप मी वर्षानुवर्षं, दर संध्याकाळी, नव्यानं केलं.

गजाबा आता नाही. माझा अपराध स्वतःचा समजून तो जन्मभर वाहत राहिला, आणि तसाच घेऊन गेला. काळानं मला खरं बोलण्याचं धैर्य दिलं, पण ज्यानं ते ऐकायला हवं होतं, त्याला आधी नेऊन.